नावातले तीन बाइट

पांढुर्णा जिल्हा झाला त्या सालात गावातल्या बऱ्याच गोष्टींना बढती मिळाली. चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानाचं 'जिल्हा झेरॉक्स सेंटर' झालं, केस कापणाऱ्याने पाटीवर 'जिल्हा मुख्यालय' लिहून घेतलं, आणि नागपूरच्या अक्षयपट सिस्टीम्स नावाच्या कंपनीला पांढुर्ण्याच्या इतिहासाचा एकाएकी पुळका आला. कंपनीने जुने कागद स्कॅन करून कायमचे सांभाळणारं एक यंत्र बनवलं होतं. उंचीला अर्ध्या फ्रिजएवढं, रंगाने काळं, समोर निळे दिवे, नाव 'चिरंतन'. माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं की चिरंतन कधी बंद पडत नाही. पांढुर्ण्यात ते दर अकरा मिनिटांनी बंद पडत होतं.

ही अकरा मिनिटं प्रतिभा कामडीच्या वाट्याला आली. प्रतिभा रामाकोन्याची. शाळा सौंसरला, कॉलेज नागपूरला, आणि नोकरी अक्षयपटच्या चाचणी विभागात. त्या विभागात ती एकटीच होती, त्यामुळे विभागाची बैठक केव्हाही भरू शकत असे. ग्राहकाच्या हाती यंत्र देण्याआधी सलग बहात्तर तास त्याचा छळ करायचा, हे तिचं काम. हजारो फायली एकदम लिहायच्या, त्यांची नावं बदलायची, पुसायच्या, परत लिहायच्या, आणि यंत्र टिकतं का बघायचं. कंपनीला ही चाचणी फार प्रिय होती, कारण माहितीपत्रकात चाचणीचा फोटो चांगला येत असे. तिच्यात यंत्र नापास होईल अशी मात्र कुणाची तयारी नव्हती.

कागद होते सत्तेचाळीस ते छप्पन सालांमधले, सौंसर तहसिलीचे. इंग्रज गेले तेव्हा या भागाची राजधानी नागपूर होती आणि अर्ज-हुकूम मराठीत लिहिले जात. छप्पन साली राज्यांची फेरमांडणी झाली, नागपूर एका राज्यात गेलं, सौंसर-पांढुर्णा दुसऱ्यात राहिलं, राजधानी भोपाळला गेली. कागदांना कुणी काही विचारलं नाही. ते गठ्ठ्यांमध्ये मराठी बोलत पडून राहिले. आता ते कापसाच्या जुन्या जिनिंगच्या आवारातल्या एका हॉलमध्ये आणून ठेवले होते आणि कलाबाई गायधने त्यांना एकेक करून नाव देत होत्या.

कलाबाई सौंसरच्या. एका वकिलाकडे अठ्ठावीस वर्षं टायपिंग केलेल्या, आता कंत्राटावर. स्कॅन झालेल्या प्रत्येक फायलीला त्या मुखपृष्ठावर असेल तसं नाव द्यायच्या, अर्धा शब्द गाळायच्या नाहीत. 'बोरगाव, सौंसर, छिंदवाडा १९५१ अर्ज कवडू वल्द चिंधू, विहिरीच्या पाण्याबाबत.' अशी एकेचाळीस हजार नावं.

या कामाचे प्रमुख रवींद्र उमाठे. त्यांना एक दिवस सुचलं की आता जिल्हा नवा आहे, तर सगळ्या नावांमध्ये छिंदवाड्याच्या जागी पांढुर्णा आलं पाहिजे.

"सर, एक्कावन्न साली पांढुर्णा जिल्हा नव्हता," प्रतिभा म्हणाली.

"तेव्हा नव्हता. पण आता आहे ना? उद्घाटनाला साहेब लोक येतील, पडद्यावर छिंदवाडा दिसलं तर कसं वाटेल?"

इतिहासाला कसं वाटेल, हा प्रश्न बैठकीच्या विषयपत्रिकेवर नव्हता. नावं बदलण्याचं काम चिरंतन आपण होऊन करणार होतं. प्रतिभाने तेच काम चाचणीत घातलं. खरी नावं, खरा बदल, वर आणि पुसणं-लिहिणं चालूच. चाचणी सुरू केली आणि चहा घ्यायला वळली. चहा संपायच्या आत निळे दिवे गेले, पडदा काळा झाला आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांची रांगोळी उमटली. शेवटच्या ओळीत यंत्राने आपल्या परीने कबुली दिली होती: कर्नेल पॅनिक.

कर्नेल म्हणजे यंत्राचा गाभा. बाकीचे प्रोग्रॅम पडले तर उठवता येतात, कर्नेल पडलं की उठवणारंच कुणी उरत नाही. हॉलची वायरिंग बघणाऱ्या दिलीपला हे समजावताना प्रतिभाला जरा वेळ लागला.

"म्हणजे कर्नल घाबरला," दिलीप म्हणाला.

"तसंच समज."

"मिल्टरीतला माणूस हाय, अन् अकरा मिन्टात घाबरून राहिला?"

प्रतिभाने यंत्र परत चालू केलं. नऊ मिनिटांनी गेलं. परत केलं. बारा. मग अकरा. चाचणी करणाऱ्याच्या दृष्टीने ही आनंदाची गोष्ट होती. कधीमधी पडणारं यंत्र म्हणजे छळ, नेमाने पडणारं यंत्र म्हणजे माहिती. हा आनंद तिने रवींद्र सरांना फोनवर बोलून दाखवला आणि तो चुकीच्या माणसाला बोलून दाखवला हे तिला लगेच कळलं.

"नागपूरला होतं का असं?" सरांनी विचारलं.

"नाही सर. नागपूरची चाचणी तीन दिवस नीट चालली."

"मग प्रश्न मिटला. यंत्रात काही नाही. पांढुर्ण्यात आहे."

आणि पांढुर्ण्यात काय आहे याचा शोध सुरू झाला. पहिला संशय विजेवर गेला. नागपूरहून एक स्टॅबिलायझर आला, तो चिरंतनपेक्षा मोठा होता. अकरा मिनिटं. मग अर्थिंग. दिलीपने आवारात चार फूट खड्डा खणला, कोळसा-मीठ भरलं, तांब्याची पट्टी गाडली, आणि असं अर्थिंग जिल्ह्यात दुसरं नाही अशी ग्वाही दिली. जिल्हा तेव्हा जेमतेम तीन महिन्यांचा होता. दहा मिनिटं. मग उष्णता. कूलर आला, त्याच्या तुषारांनी एकोणपन्नास सालचा एक गठ्ठा ओला झाला, म्हणून कूलर गेला. उंदीर झाले. शेजारच्या कापसाच्या धुळीवरही दोन दिवस गेले. एका सकाळी प्रतिभा आली तर चिरंतनच्या दारावर लिंबू-मिरची लटकत होती. ती कुणी बांधली हे कुणी सांगेना. हा एकच उपाय असा होता की त्याची प्रतिभाला नोंद करावी लागली नाही.

रवींद्र सर रोज संध्याकाळी फोन करायचे.

"एका वाक्यात सांग, काय झालंय?"

"एका वाक्यात सांगता आलं असतं तर मी ते पहिल्या दिवशीच सांगितलं असतं, सर."

"बरं, मग ती चाचणीच थोडी कमी कर. दहा मिनिटांची ठेव."

"कधीकधी नऊला पडतं."

"मग आठची."

प्रतिभाने फोन ठेवला आणि कपाळाला हात लावला नाही, कारण हात कीबोर्डवर होते. तिला खरी अडचण वेगळ्याच गोष्टीची होती. यंत्र मरताना जो जबाब देत होतं तो दर वेळी बदलत होता. एकदा म्हणे फाईल पुसताना मेलो, एकदा म्हणे नेटवर्कच्या कामात होतो, एकदा तर म्हणे मी नुसता घड्याळ बघत होतो. याचा अर्थ तिला ठाऊक होता आणि तो चांगला नव्हता. कुणीतरी आधीच कुठेतरी दुसऱ्याच्या जागेत लिहून जात होतं आणि त्यानंतर ज्याचा पाय त्या जागेवर पडेल तो मरत होता. मेलेल्याची कितीही चौकशी केली तरी मारणारा सापडला नसता.

तिने मग साधा, कंटाळवाणा मार्ग धरला. एकेचाळीस हजार फायलींचे दोन भाग केले. पहिल्या अर्ध्यावर चाचणी लावली. यंत्र पडलं. त्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग. पहिला भाग नीट चालला, दुसऱ्यावर पडलं. त्याचे दोन. तिच्या वहीत 'पडलं', 'नाही पडलं' एवढेच दोन शब्द एकाखाली एक उतरत गेले. फायली कमी होतील तसं यंत्रही लवकर पडू लागलं, कारण त्याच त्या फायली पुन्हापुन्हा येत होत्या. तिसऱ्या दिवशी दुपारी तिच्यासमोर एकच फाईल उरली. बोरगावच्या कवडू वल्द चिंधूने, म्हणजे चिंधूच्या मुलाने, एक्कावन्न साली विहिरीच्या पाण्याबाबत केलेला अर्ज. त्या एका नावात छिंदवाड्याचं पांढुर्णा केलं, परत छिंदवाडा केलं, परत पांढुर्णा केलं की अर्ध्या मिनिटात चिरंतनची कायमची झोप. त्याच फायलीला 'अर्ज १' असं नाव दिलं तर तासभर काही होत नव्हतं.

तिला इतका आनंद झाला की तिने लगेच रवींद्र सरांना अंतरिम अहवाल पाठवला. 'बिघाडाचा संबंध फायलीच्या नावाशी आहे,' असं त्यात एक वाक्य होतं. सरांनी इतके दिवस मागितलेलं एक वाक्य.

दुसऱ्या दिवशी कलाबाईंची खुर्ची रिकामी होती. टेबलावर त्यांचा चष्मा पुसायचा रुमाल तेवढा राहिला होता. रवींद्र सर स्वतः नागपूरहून आले होते आणि बऱ्याच दिवसांनी खुशीत होते.

"सापडलं कारण," ते म्हणाले. "वापरकर्त्याची चूक. एवढी लांबलचक नावं कुणी देतं का? यंत्राला अजीर्ण होणारच. बाईंना काल संध्याकाळी काम थांबवल्याचं पत्र दिलं. उद्यापासून नावं इंग्रजीत, आकड्यांत. एक ते एकेचाळीस हजार."

"सर, मी नावाशी संबंध आहे असं लिहिलं. चूक कलाबाईंची आहे असं नाही लिहिलं."

"तेच की. नाव कोण देतं?"

"आपल्याच माहितीपत्रकात लिहिलंय की दोनशे पंचावन्न बाइटपर्यंत कुठल्याही भाषेत नाव चालतं."

"प्रतिभा, माहितीपत्रक विकण्यासाठी असतं."

तिने वाद घातला नाही. वाद घालायला लागणारी गोष्ट तिच्याकडे अजून नव्हती, अर्धंच सत्य होतं, आणि ते अर्धं तिने स्वतःच्या हाताने चुकीच्या माणसाला नेऊन दिलं होतं. ही गोष्ट तिला दिवसभर खात राहिली. चारच्या बसने ती सौंसरला गेली आणि विचारत विचारत कलाबाईंच्या घरी पोचली.

कलाबाई अंगणात संत्र्याच्या साली वाळत घालत होत्या. त्यांनी प्रतिभाला खाट दाखवली, पाणी दिलं, चहा टाकला. आणि मग, जसं काही हवापाण्याचं बोलावं तसं, विचारलं, "माह्या टायपिंगमंदी कुठं चुकी होती, ते तेवढं दाखवून दे. अठ्ठावीस वर्षांत वकीलसायबानं एक कानामात्रा नाही काढली."

"काकू, तुमची एक चूक नाही."

"मंग पत्र काहून देल्लं?"

"माझ्यामुळं देल्लं," प्रतिभा म्हणाली. "म्या अहवालात नावाचं लिवलं. पुढचं शोधायच्या आधी पाठवून देल्लं. घाई केली."

कलाबाईंनी आत जाऊन पत्र आणलं, घडी उलगडली, आणि त्यातलं एक वाक्य बोटाने दाखवलं. "इथं लिवलं हाय, नाव लांब झाल्यानं यंत्र बिघडलं. कोणतं नाव व?"

प्रतिभाने कवडूच्या अर्जाचं नाव सांगितलं, आणि त्यात छिंदवाड्याचं पांढुर्णा करताना यंत्र पडतं हेही सांगितलं.

कलाबाईंनी बोटांवर मोजलं. "छिं, द, वा, डा. चार. पां, ढु, र्णा. तीन. नाव तं आखूड झालं. आखूड नावानं यंत्र कसं बिघडन?"

प्रतिभाच्या हातातला कप बशीवर टेकला. कालपासून ती स्वतःही असंच धरून चालली होती. चाराचे तीन झाले, म्हणजे जागा कमी लागली, म्हणजे लांबीचा प्रश्न असूच शकत नाही. पण यंत्राला बाराखडी कुणी शिकवली होती? यंत्र वेलांटी वेगळी मोजतं, अनुस्वार वेगळा मोजतं, आणि र्णा मधला मोडका र, त्याचा मोडलेपणा, ण आणि काना असे चार तुकडे करतं. तिने पत्राच्या पाठीवर पेनने मांडलं. छिंदवाडा, आठ तुकडे. पांढुर्णा, नऊ. प्रत्येक तुकड्याला तीन बाइट, म्हणजे तीन खण. चोवीसाचे सत्तावीस झाले होते.

"काकू, तुमच्या हिशेबानं आखूड झालं, त्याच्या हिशेबानं तीन खण लांब झालं."

"त्याले आपली भाषा येत नाही म्हण ना सिद्धं," कलाबाई म्हणाल्या आणि चहाचा दुसरा कप पुढे केला.

सकाळी पहिल्या बसने प्रतिभा पांढुर्ण्याला परतली. आता तिला एकच गोष्ट करायची होती. तिने कर्नेलची एक खास आवृत्ती बनवून चिरंतनवर चढवली. या आवृत्तीत यंत्राच्या स्मृतीतल्या प्रत्येक जागेभोवती पहारा असतो. कुणी आपल्या हद्दीबाहेर एक बाइट जरी लिहिला तरी त्याला तिथल्या तिथे पकडलं जातं. यंत्र बैलगाडीच्या चालीने चालतं, म्हणून विकताना हा पहारा काढून टाकतात. तिने कवडूचा अर्ज घेतला, छिंदवाड्याचं पांढुर्णा केलं. पहिल्याच खेपेला पहारेकऱ्याने शीळ घातली. पडद्यावर या वेळी घड्याळ नव्हतं, नेटवर्क नव्हतं. फायलींची नावं बदलणाऱ्या प्रोग्रॅमच्या एका तुकड्याचं नाव होतं, आणि ओळ क्रमांक.

तो तुकडा मूळ कर्नेलचा नव्हता. कंपनीने वेगासाठी स्वतः घुसडलेला होता. नावं पटकन सापडावीत म्हणून त्यात प्रत्येक नावासाठी एकशे ब्याण्णव बाइटचा एक कप्पा ठेवलेला होता. नाव त्याहून लांब असेल तर ते दुसरीकडे ठेवायचं, अशी व्यवस्थाही होती. पण नाव बदलताना कप्प्यात मावेल का हे बघायला ज्याने जुनं नाव मोजलं, त्याने नवं मोजलंच नव्हतं. कवडूच्या अर्जाचं जुनं नाव बरोबर एकशे ब्याण्णव होतं. काठोकाठ. पांढुर्णा आलं की एकशे पंच्याण्णव, आणि वरचे तीन बाइट शेजारच्याच्या घरात. अशी काठावरची नावं एकेचाळीस हजारांत सतरा निघाली. नागपूरच्या चाचणीत फायलींना 'टेस्ट एक', 'टेस्ट दोन' अशी नावं होती, म्हणून नागपूर निर्दोष आणि पांढुर्णा दोषी ठरलं होतं.

तुकड्याच्या डोक्यावर लिहिणाऱ्याचं नाव होतं. सुरेश खानझोडे. आठ वर्षांपूर्वी या वेगवान तुकड्याबद्दल त्यांचा सत्कार झाला होता, त्या सत्काराच्या जोरावर ते उपाध्यक्ष झाले होते, आणि उद्घाटनाच्या तयारीसाठी परवा पांढुर्ण्याला येणार होते.

रवींद्र सरांनी अहवाल उभ्यानेच वाचला आणि बसून पुन्हा वाचला.

"हे सुरेश सरांचं आहे," ते हळू आवाजात म्हणाले.

"हो सर, वर नाव आहे."

"मला दिसतंय नाव आहे. तू असं कर, कारण म्हणून 'भाषाविषयक विसंगती' लिही. भाषा काही कुणाला उलटून बोलत नाही."

"इंग्रजी नावानंही पडेल, सर. काठावर असलं की झालं. मी परवा सगळ्यांसमोर दाखवते."

"सगळ्यांसमोर नको."

"मग सुरेश सरांसमोर दाखवते."

रवींद्र सरांना यातलं कोणतं जास्त वाईट ते ठरवता येईना, आणि ते ठरेपर्यंत परवाचा दिवस उजाडला.

सुरेश सर आले. त्यांनी हॉल बघितला, गठ्ठे बघितले, इतिहासाविषयी आणि वेगाविषयी वीस मिनिटं बोलले. भाषण संपल्यावर प्रतिभाने त्यांना खुर्ची दिली.

"सर, एक छोटी चाचणी आहे. तुमच्या हातानं झाली तर बरं. एक नवी फाईल करा आणि तिला तुमचं नाव द्या. ईमेलखाली असतं तसं, पदांसकट."

सुरेश सरांना अशा चाचणीचं वावडं नव्हतं. त्यांनी इंग्रजीत आपलं नाव लिहिलं, दोन पदव्या लिहिल्या, उपाध्यक्षपद, तीन समित्यांचं सदस्यत्व, एका परिषदेचं सल्लागारपद, आणि तो आठ वर्षांपूर्वीचा सत्कार. एकशे शहाऐंशी अक्षरं झाली. प्रतिभाने ईमेल बघून ती आधीच मोजून ठेवली होती. फाईल झाली. पहाऱ्याची आवृत्ती अजून चढवलेलीच होती, तरी चिरंतन शांत होतं.

"आता सर, तुमच्याकडे पांढुर्ण्याचाही कारभार आलाय ना? तेवढं नावात वाढवा."

सर हसले. त्यांनी शेवटी एक मोकळी जागा सोडली, पांढुर्णा लिहिलं, इंग्रजीत नऊ अक्षरं, आणि बटण दाबलं. निळे दिवे गेले. पडदा काळा झाला आणि वरच्या ओळीत, एवढ्या मोठ्या हॉलमधल्या पाचसहा माणसांना वाचता येईल अशा अक्षरांत, गुन्ह्याची जागा आणि ओळ क्रमांक उमटला.

सुरेश सरांनी खुर्ची पुढे ओढून ती ओळ वाचली. ते उपाध्यक्ष होण्याआधी खरोखर प्रोग्रॅम लिहीत असत आणि ओळ वाचायला अजून विसरले नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावरचं भाषण उतरलं.

"मी जुनी लांबी तपासली," ते स्वतःशी बोलल्यासारखे म्हणाले. "नवी तपासायला हवी होती."

"हो सर. दोन ओळींची दुरुस्ती आहे. मी करून ठेवलीय."

"आठ वर्षं कुणाला कसं दिसलं नाही?"

"एवढी लांब नावं कुणी प्रेमानं दिली नव्हती, सर. ज्यांनी दिली त्यांना आपण पत्र दिलंय."

सुरेश सरांनी रवींद्र सरांकडे बघितलं. रवींद्र सरांनी स्टॅबिलायझरकडे बघितलं. कुठल्या पत्राची गोष्ट आहे ते विचारलं गेलं, सांगितलं गेलं, आणि सुरेश सरांनी ते मागे घ्यायला लावलं. तेवढं त्यांनी केलं, हे प्रतिभाने पुढेही कुणाला सांगताना वगळलं नाही.

दुरुस्त केलेलं चिरंतन बहात्तर तास चाललं. मग हौस म्हणून प्रतिभाने ते आणखी बहात्तर तास चालवलं. कलाबाई नऊ दिवसांनी कामावर परत आल्या. त्या नऊ दिवसांची नोंद 'स्वेच्छेने रजा' अशी झाली होती. त्यांनी ती दुरुस्त करून मागितली, इतक्या शांतपणे आणि इतक्यांदा मागितली की शेवटी कंटाळून का होईना ती दुरुस्त झाली. पत्र त्यांनी परत दिलं नाही. त्याच्या पाठीवर प्रतिभाने लिहिलेला हिशेब होता, तो त्यांना हवा होता.

कंपनीने दोन ओळींच्या दुरुस्तीचं माहितीपत्रक छापलं. त्यात चूक हा शब्द कुठे नव्हता. 'भारतीय भाषांमधल्या दीर्घ नावांसाठी विशेष सुविधा,' असा मथळा होता आणि खाली सुरेश सरांचा फोटो. उद्घाटनात दिलीपला उत्कृष्ट अर्थिंगबद्दल शाल मिळाली. प्रतिभाला समन्वयाबद्दल प्रमाणपत्र मिळालं. कुणाचा कुणाशी समन्वय ते त्यात लिहिलं नव्हतं.

तिचं एक काम उरलं होतं. बिघाडाचा फॉर्म बंद करायचा होता. नागपूरच्या संगणकात तो फॉर्म होता, आणि त्यात मूळ कारणासमोर निवडायला तीन पर्याय होते: वीजपुरवठा, हवामान, वापरकर्ता. यांपैकी एक निवडल्याशिवाय फॉर्म बंद होत नव्हता. प्रतिभाने नागपूरला लिहिलं की चौथा पर्याय हवा. उत्तर आलं की गेल्या आठ वर्षांत चौथ्याची गरज कुणाला पडलेली नाही. तिने पुन्हा लिहिलं. मग रोज सकाळी दहा वाजता, चहाच्या आधी, तेच पत्र ती नेमाने पाठवू लागली. रवींद्र सरांनी एकदा सुचवलं की वीजपुरवठा टाकून मोकळी हो, वीज काही तक्रार करत नाही. तिने नाही म्हटलं.

सोळाव्या दिवशी फॉर्ममध्ये चौथी ओळ आली. 'इतर.' तिच्यापुढे लिहायला बोटभर जागा होती. प्रतिभाने त्यात लिहिलं, 'आपलाच प्रोग्रॅम,' फॉर्म बंद केला आणि सौंसरच्या बसला निघाली.